अडकित्त्याने कापलेली पट्टी

अमळनेरची माझी मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला ॲडमिट आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिने बटव्यातून अडकित्ता काढला आणि मनगटावर हॉस्पिटलने बांधलेली बारकोडची पट्टी कचकन कापली. का, तर "मोबाइलमा उनं व्हतं ना भाऊ."

काय आलं होतं? पट्टीतून शरीरात किरणं जातात. स्कॅनरच्या लाल उजेडाने रक्त नासतं. हा सगळा बिल फुगवायचा धंदा. नर्सला पेशंट तोंडावरून कळतोच, तेव्हा पट्टी दिसली की कापा. आमच्या घरच्या ग्रुपवर हे तिघांनी टाकलं, त्यातला एक बी.एस्सी. झालेला!

किरणांचं आधी उरकतो. बारकोड म्हणजे छापलेल्या काळ्या रेघा. दुकानात तो पहिल्यांदा स्कॅन झाला १९७४ साली, अमेरिकेत, च्युइंगमच्या पाकिटावर. तेव्हापासून बिस्किटाच्या पुड्यावरही तोच आहे, पुडे खाताना कुणी थांबलेलं दिसत नाही. लाल उजेड म्हणाल तर मॉलच्या काउंटरवर असतो तसलाच.

बिलाचं अर्धं खरं आहे, मान्य. औषध स्कॅन झालं की खात्यावर चढू शकतं. शंका आली तर बिलाच्या खिडकीवर जाऊन भांडा, मीही येतो. त्यासाठी पट्टी कशाला कापायची?

आता ते 'तोंडावरून कळतो'. जळगावच्या वॉर्डात 'पाटील' अशी हाक मारा, निम्म्या खाटा उठून बसतील. मावशीपासून तिसऱ्या खाटेवर तिच्याच नावाची बाई आहे, आडनावही पाटील. आधारवर दोघींची जन्मतारीख १ जून, शाळेच्या गुरुजींची कृपा. फरक एवढाच की त्या बाईंना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. मावशीला कमी ऐकू येतं, आणि न ऐकू आलेल्या प्रत्येक प्रश्नाला ती 'हो' म्हणते. रात्रपाळीच्या नव्या सिस्टरने सिरिंज घेऊन "पाटील आजी ना?" विचारलं, की संपलं. शुगर नसलेल्या बाईला ते इन्सुलिन गेलं तर साखर धाडकन उतरते, माणूस बेशुद्ध पडतो, आणि रात्री सगळ्यांना वाटतं झोपलीय. नाव तेच, तारीख तीच. वेगळा असतो तो पट्टीवरचा नंबर. औषध देण्याआधी सिस्टर पट्टी आणि औषध दोन्ही स्कॅन करते; औषध त्या नंबरचं नसेल तर मशीन तिथेच इशारा देतं.

बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये हे मोजलंय, २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलंय. उशीर-लवकर सोडून औषध देण्यातल्या इतर चुका बारकोड नसलेल्या वॉर्डांत ११.५ टक्के, असलेल्या वॉर्डांत ६.८. शून्य नाहीच झाल्या. शिवाय घाईत कुठे कुठे पेशंटच्या बारकोडचा जादा स्टिकर टेबलाला चिकटवून पट्टीऐवजी तोच स्कॅन करतात, मग पट्टी असून नसल्यासारखी. नातेवाइकांनी लक्ष ठेवायचंच असेल तर तिथे ठेवावं.

रात्री अकराला सिस्टरने कागदपत्रं पुन्हा तपासून नवी पट्टी बांधली. अडकित्ता डिस्चार्जपर्यंत माझ्याकडे. सुपारी मीच कातरून देतोय.