हॅगिसला मान, वजडीला कोपरा

2025च्या स्वातंत्र्यदिनी मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला. नागपूर, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर इथूनही तशाच बातम्या आल्या. तेव्हा सरकारमध्ये असलेल्या अजित पवारांनीसुद्धा जाहीर नापसंती दाखवली. मी एडिंबरात राहतो, तरी नातेवाइकांच्या ग्रुपवरची भांडणं इथपर्यंत पोचतातच. एका बाजूला ‘एक दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं’, दुसऱ्या बाजूला ‘आमच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण’. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. पण ताटात डोकावण्याची आपली सवय महापालिकेच्या आदेशाने सुरू झालेली नाही. ती फार जुनी आहे आणि मांसाहारी घरांतही आहे. हे मला स्कॉटलंडमध्ये जेवताना जास्त स्पष्ट दिसतं.

मावशी आणि काका इथे आले, तेव्हा त्यांना ओल्ड टाउनमधल्या एका जुन्या धाटणीच्या हॉटेलात नेलं. मावशी शाकाहारी, काका सातारा जिल्ह्यातले, यात्रेच्या मटणावर वाढलेले. सुरुवातीला आम्ही कलन स्किंक मागवलं. धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध यांचं हे दाट सूप मोरे भागातल्या कलन या किनाऱ्यावरच्या गावाचं. मासा आणि दूध एकत्र म्हटल्यावर काका बिचकले. मग वाटी पुसून खाल्ली.

त्यानंतर हॅगिस आलं. मेंढीचं हृदय, काळीज आणि फुप्फुस बारीक करायचं, त्यात ओट्स, कांदा, चरबी, मीठ-मिरी घालायची आणि हे सगळं पूर्वी मेंढीच्याच पोटाच्या पिशवीत भरून उकडत. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम आवरण असतं. सोबत कुस्करलेला पिवळा सलगम आणि बटाटा, वर व्हिस्कीचा सॉस. मावशीपुढे शाकाहारी हॅगिस होतं, डाळी, राजमा, ओट्स आणि भाज्यांचं. एडिंबराच्या मॅकस्वीन कंपनीने ते 1984 साली बाजारात आणलं. आज मेन्यूत दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असतात आणि एकामुळे दुसऱ्याचा अपमान झाला असं इथे कुणी म्हणत नाही.

पहिला घास घेऊन काका म्हणाले, “अरे, ही तर आपल्या वजडीच्या घरातली!” वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी. मग जरा थांबून काका म्हणाले, “पण वजडी काय आपण कुणाला हॉटेलात नेऊन खायला घालणार नाही.”

माझा मुद्दा या वाक्यात आहे. हॅगिस हे गरिबांचंच जेवण होतं. चांगले तुकडे विकले किंवा मालकाला गेले की जे लवकर नासणार ते त्याच दिवशी शिजवून संपवायचं. रॉबर्ट बर्न्स हा कुळाच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने 1786 साली या पदार्थाला उद्देशून कविता लिहिली आणि फ्रेंच रस्से खाणाऱ्यांपेक्षा हॅगिस खाणारा गडी कसा दणकट, हे छाती पुढे काढून सांगितलं. आजही 25 जानेवारीला, बर्न्सच्या जन्मदिवशी, बॅगपाइप वाजवत हॅगिस टेबलापर्यंत आणतात, माणसं उभी राहतात, कविता म्हणतात आणि मग सुरी लावतात. प्राध्यापक, मंत्री, बसचालक, सगळे तेच खातात.

आपल्याकडे ‘महाराष्ट्रीय थाळी’ म्हणून पाटी लागते, तिथे पिठलं, थालीपीठ, पुरणपोळी असते. मांसाहारी थाळीत तांबडा-पांढरा रस्सा आणि सुकं मटण. वजडी, मुंडी, रक्ती शोधावी लागते. ती एखाद्या खानावळीत किंवा हातगाडीवर मिळते, पण पाहुण्याला अभिमानाने नेऊन खायला घालायच्या जेवणात तिची गणना नाही. कारण उघड आहे. हे पदार्थ ज्यांनी शतकानुशतकं टिकवले, त्यातल्या अनेकांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं. जनावराचा कुठला भाग कुणाच्या वाट्याला हे जातीने ठरवलं, आणि मग त्या भागाचीच किळस करायला मुलांना शिकवलं. मटणाची दुकानं बंद करू नका म्हणून ग्रुपवर तावातावाने लिहिणारे माझे कितीतरी नातेवाईक वजडीचं नाव काढलं की नाक मुरडतात. पालिकेच्या आदेशाला विरोध करताना ही दुसरी बंदी आपण निमूट चालवून घेतो, याचा मला मनापासून राग येतो.

दारूचंही तसंच. काकांना ‘सगळ्यात जुनी’ हवी होती. वाढणाऱ्या मुलीने त्यांना समजावून आयला बेटावरची एक धुरकट सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली, फक्त मोड आलेल्या बार्लीची व्हिस्की दिली, पंचवीस मिलिलिटर, सोबत पाण्याचा छोटा जग. बेटावर लाकूड कमी, म्हणून तिथले लोक दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, कापून, वाळवून जाळत. त्याच धुरावर मोड आलेली बार्ली सुकायची, तोच वास बाटलीत उतरला. ओकच्या पिंपात, स्कॉटलंडच्याच हद्दीत, किमान 3 वर्षं मुरल्याशिवाय तिला स्कॉच म्हणता येत नाही. पाणी आणि रंगासाठी साधं कॅरामल, याखेरीज काही घालायला कायद्याने मनाई आहे.

ही प्रतिष्ठित दारू दोनशे वर्षांपूर्वी डोंगरदऱ्यांत लपूनछपून गाळली जात होती. अबकारी शिपाई भट्ट्या फोडत, लोक दुसरीकडे पेटवत. बर्न्सनेही शेवटची काही वर्षं अबकारी खात्यात नोकरी केली. मग 1823चा कायदा आला. परवाना परवडेल असा झाला, कर कमी झाला आणि पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. हातभट्टीतूनच आजचा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे नंदुरबारच्या आदिवासी बाईने मोहाची फुलं गाळली की छापा पडतो, मडकी फुटतात. तालुक्याच्या परमिट रूममध्ये मात्र मळीच्या स्पिरिटवर बनलेली ‘व्हिस्की’ राजरोस मिळते.

इथे मला कुणी दारूचा प्रचारक ठरवू नये. स्कॉटलंडमध्ये दारूमुळे दर वर्षी हजाराहून जास्त माणसं मरतात आणि ग्लासगोच्या गरीब वस्त्यांमध्ये हे दुःख डोळ्यांना दिसतं. म्हणून तर याच देशाने दारूची किमान किंमत ठरवणारा कायदा 2012 साली केला. स्कॉच उत्पादकांची संघटना कोर्टात गेली, ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात हरली, आणि 1 मे 2018पासून एका युनिटला (10 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) 50 पेन्सच्या खाली विकायला बंदी आली. पुढे 2024मध्ये ती 65 पेन्स झाली. दुकानांत रात्री दहानंतर बाटली मिळत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे. ज्या मालावर देशाचं नाव चालतं, त्याच्याच धंद्याला सरकार वेसण घालतं, आणि अभिमान कमी होत नाही. आपल्या बायांनी ‘आडवी बाटली’चं मतदान करून गावातली दुकानं बंद पाडली, त्या लढ्याबद्दल मला नितांत आदर आहे. तो हक्क काढून घेऊन मोहाला मान द्या, असं मी म्हणणार नाही.

बाटल्यांच्या संख्येत स्कॉचचा सर्वांत मोठा ग्राहक आता भारत आहे. 24 जुलै 2025ला सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरचं 150 टक्के आयातशुल्क आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं. त्या वेळी गोव्याची फेणी, नाशिकची वाइन आणि केरळची ताडी ब्रिटनमध्ये जाईल, असंही आपल्याकडे सांगितलं गेलं. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळवलं, 2016 साली तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, म्हणून तिचं नाव घेता आलं. मोहाचं नाव मी कुठे ऐकलं नाही. महाराष्ट्राने 1823सारखा एक साधा कायदा करावा. परवाना गाळणाऱ्या बाईच्या नावावर हवा, तिला परवडेल अशा शुल्कात हवा, मालाची तपासणी सक्तीची हवी आणि ग्रामसभेने नको म्हटलं तर त्या गावात परवाना नको.