रिटायर होऊन परदेशात राहायचं, आणि म्हणे इन्शुरन्स नको?

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, बहुतेक तुमच्याकडेही आला असेल. रिटायर होऊन दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्यांनी हेल्थ इन्शुरन्सवर पैसे घालवू नयेत असं त्याचं म्हणणं. तिकडे उपचार स्वस्त असतात म्हणून खिशातून भरा, फारतर ट्रॅव्हल इन्शुरन्स रिन्यू करत रहा, मोठं काही झालं तर विमान पकडून मायदेशी या, तिथली सरकारी योजना आहेच, आणि पॉलिसी घ्यायचीच असेल तर तब्येत कुरकुरायला लागली की बघा, फक्त फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नका, प्रीमियम वाढतो. सूर इतका ठाम आहे की चांगली शिकली सवरलेली माणसं "पॉइंट आहे यार" म्हणत तो पुढे पाठवतायत. म्हणून एकेक मुद्दा बघू.

"उपचार स्वस्त, खिशातून भरा"

हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हं. डॉक्टरची फी, ब्लड टेस्ट, दाताचं काम, चष्मा, हे सगळं बऱ्याच देशांत खिशातून भरलेलंच बरं पडतं, उलट त्याच्यासाठी कव्हर घेतलं की प्रीमियम उगाच फुगतो. पण मेसेज लिहिणाऱ्याने एका भेटीचं बिल बघून अख्ख्या म्हातारपणाचा हिशोब केलाय. आयसीयूत तीन आठवडे, किंवा महिनोन् महिने चालणारी केमो, किंवा आठवड्यातून तीनदा डायलिसिस आणि तेही पुढे कायम, याचं बिल स्वस्त देशातही स्वस्त राहत नाही, आणि बाजूला ठेवलेला फंड नवराबायको दोघांचा मिळून एकच असतो हे सोयीस्कर विसरलं जातं. शिवाय बचत एका चलनात आणि बिल दुसऱ्या चलनात, दर नेमका तेव्हाच पडलेला असेल तर सांगायचं कुणाला.

आणि एक गोष्ट कुणी बोलतच नाही. पैसे आहेत, पण ज्याच्या नावावर आहेत तो व्हेंटिलेटरवर आहे. प्रायव्हेट हॉस्पिटलच्या ॲडमिशन काउंटरवर दोनच गोष्टी विचारतात, इन्शुरन्स कंपनीचं गॅरंटी लेटर (बिल आम्ही भरू असं पत्र) आहे का, नसेल तर डिपॉझिट कोण भरतंय. आता खातं दुसऱ्या देशात, ओटीपी पेशंटच्या फोनवर, फोनचा लॉक फक्त त्यालाच माहीत. साधी पॉवर ऑफ ॲटर्नी केलेली असली तरी बऱ्याच देशांत माणसाची शुद्ध हरपली की ती चालत नाही, तशा वेळीही लागू राहील असं आधी स्पष्ट लिहून वेगळी करावी लागते. खिशातून भरायचं असं ज्यांनी पक्कं ठरवलंय त्यांनी निदान हे कागद तरी केलेत का ते तपासा.

मधला रस्ताही आहे, तो मेसेजमध्ये नाही. मोठा डिडक्टिबल (बिलातली आधी आपण भरायची ठराविक रक्कम) घ्या, फक्त हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचं कव्हर घ्या, ओपीडी सोडून द्या, आणि जमत असेल तर "अमेरिका वगळून जगभर" असा एरिया निवडा, प्रीमियममध्ये चांगलाच फरक पडतो. छोटं आपण भरायचं, मोठं कंपनीने.

"ट्रॅव्हल इन्शुरन्स रिन्यू करत रहा"

हा माझ्या मते सगळ्यात फसवा सल्ला, कारण हातात पॉलिसी असते आणि माणूस निवांत असतो. ट्रॅव्हल पॉलिसीच्या बारीक अक्षरात जाऊन "ट्रिप" ची व्याख्या वाचा. बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की प्रवास मायदेशातून सुरू होऊन मायदेशात संपला पाहिजे, तुम्ही तिथले रहिवासी असायला हवं, आणि एका ट्रिपचे दिवस ठराविक. तुम्ही तर घरदार आवरून दुसरीकडे भाडेकरार केलाय, म्हणजे क्लेमच्या वेळी पहिल्याच ओळीत आडवे. समजा तिथून सुटलात तरी ही पॉलिसी इमर्जन्सीपुरती, तब्येत स्थिर झाली की परत पाठवण्याकडे त्यांचा कल असतो, आणि पुढचं औषधपाणी, फॉलोअप, फिजिओ वगैरे तुमचं तुम्ही बघायचं.

त्यात रिन्यू हा शब्द तोंडात आहे म्हणून आपल्याला वाटतं पॉलिसी तीच पुढे चाललीय, पण बहुतेक वेळा प्रत्येक वर्षीचा तो नवा करार असतो. यंदा हार्ट अटॅक आला तर यंदाच्या पॉलिसीने भरले असतील पैसे, पुढच्या वर्षीच्या पॉलिसीसाठी तोच हार्ट प्री-एक्झिस्टिंग, म्हणजे आधीपासूनचा आजार झाला! म्हणजे ज्या दिवशी गरज सुरू होते त्या दिवशीच कव्हर आटतं.

काही देश तर व्हिसाच देत नाहीत अशा पॉलिसीवर. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचं कव्हर मागतात ते बघून लोकांना वाटतं युरोपात राहायला एवढं पुरतं, पण ते १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहणाऱ्यांसाठी आहे. स्पेनच्या नोकरी न करता राहण्याच्या व्हिसासाठी को-पे (प्रत्येक बिलात आपला वाटा) नसलेला पूर्ण हेल्थ इन्शुरन्स लागतो. थायलंडने पन्नाशीच्या पुढच्यांच्या ओ-ए व्हिसाला २०१९ पासून इन्शुरन्स सक्तीचा केला, सुरुवातीला हॉस्पिटलसाठी ४ लाख बाहत (तिथलं चलन) चालत होते, मध्यंतरी ते ३० लाखांवरही नेलं होतं.

"मोठं काही झालं तर विमानाने घरी या"

स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी व्हावं असं मानतात. आता या वेळात तिकीट काढा, बॅग भरा, बोर्डिंग करा आणि घरी उतरा बघू. म्हणजे पहिलं आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठं बिल, इमर्जन्सी, ऑपरेशन, आयसीयू, हे जिथे पडलात तिथेच होणार.

पुढच्या प्रवासाचंही सोपं नाही. अंथरुणावरच्या पेशंटला विमानात घ्यायचं तर एअरलाइन मेडिफ नावाचा फॉर्म डॉक्टरकडून भरून मागते, त्यांचे डॉक्टर तो तपासतात आणि सरळ नाहीही म्हणू शकतात. स्ट्रेचरसाठी अनेक सीट्स अडवाव्या लागतात त्या सगळ्यांचे पैसे तुमचे, सोबत नर्स किंवा डॉक्टर, त्यांचंही येण्याजाण्याचं तिकीट. एअर अँब्युलन्स लांबची असेल तर लाख डॉलरच्या वरही जाते, आणि वकिलात फोन करून मदत करेल पण बिल भरणार नाही.

"मायदेशातली सरकारी योजना आहेच"

कुठल्या देशातली? सगळ्यांना एकच नियम असल्यासारखं लिहिलंय, म्हणून इथे जरा थांबू.

अमेरिकेचं मेडिकेअर घ्या, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. देशाबाहेर ते थोडे अपवाद सोडले तर काहीच भरत नाही. मेडिगॅपच्या (मेडिकेअरला जोड म्हणून घ्यायच्या खासगी पॉलिसीच्या) काही प्लॅनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीची सोय असते, पण ती ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांपुरती, २५० डॉलर आधी तुमचे, मग ८० टक्के प्लॅन भरतो, आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. पर्यटकाला ठीक, राहणाऱ्याला काय उपयोग. मग लोक म्हणतात बाहेर चालत नाही तर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-ओपीडीचा भाग) कशाला भरू, परत आलो की घेऊ. घ्या की, पण वेळेवर न घेतल्याच्या प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे प्रीमियम १० टक्क्यांनी वाढतो आणि पार्ट बी आहे तोवर तो दंड चालू. पाच वर्षं टाळलं तर ५० टक्के. २०२५ चा साधा प्रीमियम १८५ डॉलर होता, त्यावर ५० टक्के म्हणजे महिन्याला साडेब्याण्णव डॉलर जादा, कायमचे. वर नावनोंदणी सहसा जानेवारी ते मार्चमध्येच, त्यामुळे एप्रिलमध्ये आजारी होऊन उतरलात तर पुढच्या जानेवारीपर्यंत हात चोळत बसायचं. (नोकरीतून मिळालेलं कव्हर असेल तर नियम वेगळे, पण आपण रिटायर झालेल्यांबद्दल बोलतोय.)

ब्रिटनचं वेगळंच. तिथे एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा हक्क पासपोर्टवर नाही, राहण्यावर आहे. कायमचा देश सोडला की तो सहसा जातो, आणि इंग्लंडमध्ये बाहेरून येणाऱ्याला हॉस्पिटलचं बिल ठरलेल्या दराच्या १५० टक्क्यांनी लागू शकतं. पण ब्रिटिश स्टेट पेन्शन घेणारा माणूस युरोपियन युनियनमधल्या देशात स्थायिक झाला तर एस-१ फॉर्मवर तिथल्या सरकारी व्यवस्थेत त्याचे उपचार होतात आणि खर्च ब्रिटन उचलतं. ही एवढी मोठी सोय, आणि मेसेजमध्ये तिचा उल्लेखसुद्धा नाही! कॅनडात ओंटारियो प्रांताचं सरकारी हेल्थ कार्ड चालू ठेवायचं तर १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं.

खरं तर ज्या देशात राहायला जाताय तिथली सरकारी योजना आधी बघायला हवी. फ्रान्समध्ये सलग तीन महिने राहिलात की साधारणपणे तिथल्या आरोग्य विम्यासाठी अर्ज करता येतो. स्पेनमध्ये एक वर्ष अधिकृत वास्तव्य झालं की पैसे भरून सरकारी व्यवस्थेत शिरता येतं, ६५ च्या आत महिना ६० युरो, ६५ पासून पुढे १५७ युरो, जुना आजार असला तरी नकार नाही, फक्त औषधं पूर्ण किमतीत घ्यावी लागतात. म्हणजे स्पेनला जाणाऱ्याला महागडी इंटरनॅशनल पॉलिसी जन्मभर ओढायची गरजच नसेल कदाचित, पहिलं वर्ष नीट काढलं की झालं. उलट मेक्सिकोच्या सरकारी योजनेत ऐच्छिक सभासद होता येतं पण कॅन्सरसारखे आधीचे आजार असतील तर घेतच नाहीत आणि काही ऑपरेशनला वेटिंग पीरियड आहे.

"तब्येत बिघडली की घेऊ, आणि फॉर्मवर काही लिहू नका"

बऱ्याच कंपन्यांची नव्या ग्राहकासाठी वयाची मर्यादा असते, पण एकदा आत आलात की अनेक जण पुढे वय वाढलं तरी रिन्यू करतात. प्रीमियम वयाबरोबर चढतो हे खरं. पण चढलेला प्रीमियम डिडक्टिबल वाढवून खाली आणता येतो, बंद झालेलं दार उघडता येत नाही. त्यातून एका कंपनीने नाकारलं की पुढच्या फॉर्मवर "पूर्वी कुणी नाकारलंय का" हा प्रश्न असतोच.

बीपी लपवायचा सल्ला तर चक्क घातक आहे. फॉर्म भरताना कुणी खोलात जात नाही, क्लेम आला की जातात. जुन्या डॉक्टरचे कागद मागवतात, आणि तिथे दहा वर्षांची बीपीची गोळी सापडली की हार्टचा क्लेम तर जातोच, वर पॉलिसी रद्द, तीही अशा वयात जेव्हा दुसरी कुणी देणार नाही. खरं लिहिलंत तर काय होईल? लोडिंग (जादा प्रीमियम) लागेल, किंवा तेवढा आजार वगळतील, किंवा काही पॉलिसींत असतं तसं २४ महिने त्या आजाराची लक्षणं-उपचार काहीच नसले तर नंतर तोही कव्हर होईल (रोजची गोळी चालू असली तर मात्र हा मार्ग बंद). जे काय ते आत्ताच कागदावर कळेल आणि त्याप्रमाणे फंड किती ठेवायचा ते ठरवता येईल.

आणि कंपनी बदलताय किंवा मायदेशातलं कव्हर सोडताय तर नवीन कंपनीकडून काय वगळलंय त्याची यादी लेखी हातात पडेपर्यंत जुनं बंद करू नका, एजंटने फोनवर "होऊन जाईल" म्हटलं तरीही.