फाईल आपटणाऱ्या साहेबांसाठी

आमच्या जाऊबाई ॲडमिट आहेत, त्यामुळे आज सकाळी राऊंडच्या वेळी मी वॉर्डातच होते. निवृत्त झाले तरी सिस्टरचे कान काही जात नाहीत. एका इंटर्न मुलीला रात्रीचं युरीन आउटपुट, म्हणजे पेशंटला लघवी किती झाली ते, पटकन सांगता आलं नाही. एवढंच. साहेबांनी, म्हणजे राऊंडवरच्या मोठ्या डॉक्टरांनी, फाईल खाटेवर आपटली आणि सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलं, "डिग्री विकत घेतलीस काय गं?" पोरगी मान खाली घालून लिहीत राहिली. इस्पितळाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

इथं गोव्यात डिचोलीला घरी पोचले तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

अहो साहेब, ती पोरगी अजून तात्पुरत्या नोंदणीवर आहे. साडेचार वर्षं अभ्यास, त्यावर 12 महिने इंटर्नशिप, ती पुरी झाली की पक्की नोंदणी. म्हणजे हिला अजून शिकवायचं आहे हे कायद्यानेच मान्य केलंय, आणि शिकवायचं कुणी, तर तुम्ही. मग तिला येत नाही याचा राग तिच्यावर कसला काढता?

मला एक रात्र विसरता येत नाही. काजूचे दिवस होते. सत्तरी तालुक्यातला एक माणूस, पायाला साप चावलेला. ड्युटीवर नवाकोरा इंटर्न. त्याने 20 मिनिटांची टेस्ट लावली, विषाने रक्त गोठायचं थांबलंय का ते बघायची. काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, 20 मिनिटांनी तिरकी करून बघायचं. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. त्या पोराला हे सगळं ठाऊक होतं. पहिल्यांदा रक्त गोठलं. पुढे काय म्हणून त्याने वरच्या डॉक्टरना फोन लावला. "एवढंही कळत नाही? यासाठी उठवतोस?" मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं. मग परत टेस्ट लावली, आणि ट्यूब तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. पोरगा एकदा ट्यूबकडे बघतोय, एकदा फोनकडे बघतोय, आणि फोन काही उचलत नाही.

हेच मला सांगायचंय. त्याला येत नव्हतं असं नाही. विचारायची भीती बसली होती. रात्रीचा पेशंट हातचा जातो तो बहुतेक वेळा असल्या न केलेल्या फोनामुळे, हे मी लिहून देते.

शेवटी फोन मी केला, पण दुसऱ्या डॉक्टर मॅडमना. त्या झोपेतून उठून घरातल्या चपलांवरच आल्या. आल्या आणि काय केलं? काहीच नाही! हात पाठीमागे बांधून त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या. कोंकणीत म्हणाल्या, "भियेनाका, हांव आसां. तूच कर." घाबरू नको, मी आहे. ॲड्रेनालिन, म्हणजे रिॲक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन, आधी भरून ट्रेमध्ये ठेवायला लावलं. सर्पविषावरच्या लशीच्या (अँटीवेनमच्या) वायल, म्हणजे छोट्या बाटल्या, त्यानेच विरघळवल्या. जोरात हलवू नको, फेस येतो, एवढंच मॅडम मधे बोलल्या. लस सुरू झाली आणि थोड्याच वेळात पेशंटला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या. पोराने लस थांबवली, मॅडमकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. त्याने मांडीत ॲड्रेनालिन दिलं, आणि माणूस सावरला. मग लस परत हळूहळू सुरू केली.

विहिरीत पोहायला ढकलताना आपल्याकडे पाठीला सुके नारळ तरी बांधतात हो. इथं ढकलायचं आणि वर बुडाला म्हणून शिव्या घालायच्या!

आता लगेच कुणीतरी लिहील की हल्लीचे इंटर्न कामचुकार असतात, ड्युटी सोडून 'नीट पीजी' या पुढच्या प्रवेशपरीक्षेचे प्रश्न सोडवत बसतात. असतात. मीही अशांना रीडिंग रूममधून उठवून आणलंय. पुढे बोला.

साहेब लोकांची बाजूही मला दिसते. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नुसता गोवा येत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, तिकडून कारवार, सगळे तिथंच. एका युनिटवर किती भार, ते आत काम केलेल्यालाच ठाऊक. आज ओरडले ते साहेबही रात्रभर जागे असतील कदाचित, डोळे लाल होते खरे. रेसिडेंटना, म्हणजे पुढचं शिकत वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरना, साधारणपणे दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांहून जास्त ड्युटी नको, असं केंद्राने 1992 साली लिहून ठेवलंय. ते वाचून वॉर्डात आम्ही हसायचो. दमलेला माणूस चिडतो, मला समजतं.

पण मॅडमही दमलेल्याच होत्या की! सकाळी ऑपरेशनं होती त्यांची.

आणि लॉगबुक, इंटर्नने काय काय केलं त्याची वही! ते आठवलं की परत संताप येतो. पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी इंटर्न वह्या घेऊन रांगेत उभे, आणि साहेब चहा पिता पिता धडाधड सह्या मारतात. लंबर पंक्चर (पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं), सही. कॅथेटर (लघवीची नळी), सही. बघितलं कुणी? कुणी नाही. ज्याने करताना बघितलं त्यानेच सही करावी, इतकं साधं आहे. आणि रात्री कुणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर नर्सिंग स्टेशनवर लावा. त्या माणसाने फोनवर पहिला शब्द "बोल" असा उच्चारावा, बाकी काय रागवायचंय ते सकाळी दार बंद करून रागवा. पेशंटच्या नातेवाइकांसमोर नको. डॉक्टरनेच डॉक्टरची अब्रू काढली की उद्या तेच नातेवाईक त्या पोरीच्या अंगावर धावून जातात, आणि तेव्हा साहेब ओपीडीत असतात.

"सिस्टर, डॉक्टरांच्या ट्रेनिंगमध्ये तुमचं काय?" असं विचारायला जे डॉक्टर खाली कमेंटमध्ये येणार आहेत त्यांना आधीच सांगते. तुमच्यातल्या अनेकांचा पहिला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) मी लावून घेतलाय. टूर्निके, म्हणजे हाताला बांधायचा पट्टा, किती घट्ट बांधायचा आणि म्हाताऱ्यांची शीर सरकू नये म्हणून कातडी कशी ताणून धरायची, हे तुम्हाला राऊंडवर शिकवलं नव्हतं. आठवत नसेल तर आपल्या बॅचमेटना विचारा, त्यांना मी नक्की आठवेन.