'स्फोट होण्याआधी ओढून काढा': एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

स्वयंसेवकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं असं: अपघातग्रस्त गाडीचा केव्हाही स्फोट होतो, म्हणून हेडरेस्टने काच फोडा, बॅटरीची वायर तोडा की एअरबॅग निकामी, आणि माणसाला लगेच बाहेर ओढा. गाडी इलेक्ट्रिक असेल तर हातही लावू नका.

स्फोट सिनेमात होतात. रस्त्यावर आग लागते, तीही बहुतेक वेळा इंजिनाच्या बाजूने आणि हळूहळू वाढत. आत दिसणारा पांढरा धूर अनेकदा उघडलेल्या एअरबॅगची भुकटी असते. ज्वाळा दिसत असतील, पाणी चढत असेल किंवा श्वास थांबला असेल, तर ओढाच. एरवी एक जण अग्निशामक घेऊन उभा राहील आणि बाकीचे गाडी स्थिर करतील. चाकांना पुढूनमागून ठोकळे लावायचे, दोन्ही बाजूंना दारांखालच्या पट्टीखाली पुढे-मागे स्टेप ब्लॉक (पायऱ्यांच्या आकाराचे ठोकळे) सरकवायचे आणि फट पाचरीने भरायची. मग टायरची हवा सोडली की गाडी ठोकळ्यांवर बसते. ठोकळा सरकवताना हात गाडीखाली घालायचा नाही, दुसऱ्या ठोकळ्याने ढकलायचा. छप्पर किंवा दार काढलं की वजन घटतं, स्प्रिंग वर येतात आणि पाचरी सैल पडतात. हे हमखास विसरलं जातं.

काच फोडण्याआधी सगळ्या दारांची हँडल ओढून पाहा. हेडरेस्टच्या दांड्या काच फोडण्यासाठी बनवलेल्या नसतात, आणि काही सीटचं हेडरेस्ट निघतच नाही. टेम्पर्ड (उष्णतेने कडक केलेली) काच स्प्रिंगच्या पंचने, म्हणजे टोकदार हत्याराने, कोपऱ्यात टोचली की चुरा होते. समोरची काच मात्र लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) असते, हल्ली काही गाड्यांत बाजूच्याही. तिथे पंच नुसतं छिद्र पाडतो, काच करवतीने कापावी लागते. कोणती काच आहे ते बहुधा तिच्या कोपऱ्यातल्या छापावरून कळतं. माणसापासून सर्वांत दूरची खिडकी निवडा, त्याच्यावर चादर टाका. कापताना उडणारी काचेची धूळ फुफ्फुसात जाते, म्हणून मास्क त्यालाही लावा.

मेसेजमधला सर्वांत घातक मुद्दा बॅटरीचा आहे. वायर काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज टिकतो. किती वेळ, ते गाडीगणिक बदलतं. त्यामुळे न उघडलेल्या एअरबॅगपासून अंतर ठेवायचं: बाजूच्या एअरबॅगपासून साधारण 13 सेंमी, स्टिअरिंगपासून 25, डॅशबोर्डपासून 50. शिवाय घाईत वायर तोडली तर पॉवर विंडो आणि विजेवर चालणारी सीट जागच्या जागी अडकतात. आधी काचा खाली, सीट मागे, लॉक उघडं, हझार्ड दिवे चालू. मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. दिवे विझले नाहीत तर कुठेतरी दुसरी बॅटरी आहे, डिकीत किंवा सीटखाली शोधा. वायर कापावीच लागली तर मधला तुकडाच काढून टाका, नाहीतर टोकं पुन्हा एकमेकांना टेकतात. चावीविना चालू होणाऱ्या गाडीची चावी लांब न्या. आणि छताची कड किंवा खांब कापण्याआधी आतलं प्लास्टिक उचकटून पाहा. तिथे एअरबॅग फुगवणारी, दाबाखालच्या गॅसची नळकांडी असते, ती कटरच्या पात्यात सापडली तर फुटते. खडूने खूण करून कापायची जागा बदला.

"लगेच ओढा" याच्या उलट "हलवूच नका" हेही सरसकट खरं नाही. माणूस शुद्धीत आहे, सूचना पाळतो आहे आणि पाय अडकलेले नाहीत, तर त्याला सांगत सांगत स्वतःच उतरू द्यावं. निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या मोजमापांत मानेची हालचाल याच पद्धतीत सर्वांत कमी आढळली आहे.

इलेक्ट्रिक गाडीचं हाय व्होल्टेज सर्किट बॉडीपासून वेगळं असतं, आणि मोठ्या धडकेत बहुतेक गाड्या ते आपोआप तोडतात. दाराला हात लावून शॉक बसेल ही भीती अनाठायी आहे. टाळायच्या त्या नारिंगी केबल आणि फाटलेला बॅटरी पॅक; तिथे 1000 व्होल्टचे हातमोजे लागतात. मोटरचा आवाज नसला तरी गाडी सरकू शकते, म्हणून ठोकळे इथेही आधी. मात्र फरशीखालून फुसफुस किंवा तडतड ऐकू आली आणि धूर निघू लागला, तर सगळा क्रम बाजूला ठेवून माणूस काढा. विझलेला पॅक काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटतो, तेव्हा ती गाडी इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर उभी करायला सांगा.