१९५८ची पावती

आज भाचीची एम.ए.च्या प्रबंधाची व्हायवा होती. मी बाहेर पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा. पोरगी बाहेर आली ती डोळे पुसतच. "मामा, पहिलाच प्रश्न, आपल्या जिल्ह्याएवढी माणसं नसलेल्या देशावर दोन वर्षं कशाला घालवलीस?"

देश भूतान. आकडा खरा आहे, मान्य. भूतान आठ लाखांच्या आत, आपला कोल्हापूर जिल्हा २०११ लाच ३८ लाखांच्या वर. म्हणून काय झालं?

गेल्या दिवाळीत हिनं माझ्या आईला विचारलं, "आजी, १९५८ची शेतसाऱ्याची पावती आहे?" दोघींनी ट्रंक उपसली. सातबारा निघाला, कारखान्याच्या शेअरचा कागद निघाला, पावती काही निघाली नाही. "मग आजी, तू परकी." आई हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

दक्षिण भूतानमधल्या नेपाळी भाषिकांकडं १९८८च्या जनगणनेत हीच पावती मागितली. नागरिकत्वाच्या कायद्यानं ३१ डिसेंबर १९५८ ही तारीख घातली होती, तोवर तिथं राहत होतो हे पावतीनं दाखवायचं. नव्वदच्या दशकात लाखभर माणसं नेपाळमधल्या छावण्यांत जाऊन पडली. आणि याच देशाचा 'सकल राष्ट्रीय आनंद', म्हणजे प्रगती नुसत्या पैशात न मोजता लोकांच्या सुखात मोजायची कल्पना, जगभरातले विद्वान डोक्यावर घेतात! नऊ क्षेत्रं, ३३ निर्देशक. भाची विचारते, मोजणीआधीच ज्यांना बाहेर काढलं त्यांचं दुःख कुठल्या रकान्यात लिहायचं? अभ्यासक यावर वर्षानुवर्षं भांडताहेत आणि हिला विचारतात, कशाला!

दुसरी, म्हणजे भूतानची बाजूही तिनं लिहिलीय. दोन अवाढव्य शेजाऱ्यांमध्ये सापडलेला देश, त्यात १९७५ मध्ये शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालेलं. आपणही असेच गिळले जाऊ ही भीती खोटी नव्हती. साठ टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील असं राज्यघटनेत लिहिणारी माणसं आहेत ती, नुसती बोलघेवडी नाहीत. हे मलाही नाइलाजानं कबूल करावं लागतं. पण आईचा तो गप्प झालेला चेहरा आठवला की माझं मन तिकडं वळत नाही.

आणि हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारावा? १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखून ठेवणारं आपलं संस्थान असं केवढं मोठं होतं? शाहू महाराजांना कुणी नकाशावरचा आकार विचारला होता का?

असो. पोरीला चहा पाजला, थोडी हसली. घरी आलो तर आई परत ट्रंक उघडून बसलेली. म्हणाली, "तळाची एक पिशवी तेव्हा बघायची राहिली होती रे."