खोडलेला शब्द

ताईचा मेसेज आला, "चिनूच्या शाळेत जुनी इंग्रजी साहसपुस्तकं कपाटातून काढायचं चाललंय. पालकांच्या ग्रुपवर नुसती जुंपलीय. तू तिकडेच राहतोस ना, सांग काय ते." भांडणाचं मूळ एकच पुस्तक, इंग्रज कादंबरीकार रायडर हॅगर्डचं 'किंग सॉलोमन्स माइन्स', आफ्रिकेत हिऱ्यांच्या खाणी शोधायला निघालेल्या गोऱ्यांची गोष्ट.

मी राहतो इंग्लंडात, नॉर्विचला. हॅगर्डचं गाव डिचिंगहॅम इथून वीसेक किलोमीटरवर. एकोणिसाव्या वर्षी, 1875 साली, तो दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरच्या हाताखाली काम करायला गेला. 1877 मध्ये शेजारचं ट्रान्सवाल, म्हणजे डच वंशाच्या बोअरांचं राज्य, ब्रिटिशांनी गिळलं, तेव्हा त्याच्या राजधानीत, प्रिटोरियात, झेंडा चढवणाऱ्यांत हा होता. पुढे शहामृगं पाळली आणि 1881 मध्ये परत आला. मग भावाशी एका शिलिंगची पैज लागली, स्टीव्हन्सनच्या गाजलेल्या साहसकथेच्या, 'ट्रेझर आयलंड'च्या, निम्म्याने तरी चांगलं लिहून दाखव. सहाएक आठवड्यांत लिहिलेलं 'किंग सॉलोमन्स माइन्स' 1885 मध्ये आलं आणि धो धो खपलं. आफ्रिकेत राहिला जेमतेम पाच-सहा वर्षं, पण ती शिदोरी त्याला चाळीस वर्षं पुरली. (आमचं उलटं. इथे चौदा वर्षं काढली, तरी स्वप्नात अजून सातारचा एसटी स्टँडच येतो.)

"साम्राज्याचा भाट" म्हणणारे पालक खोटं बोलत नाहीत. कादंबरीतली आफ्रिकन तरुणी फूलाता गोऱ्या नायकावर जीव टाकते आणि मरताना सांगते, सूर्याची अंधाराशी सोयरीक होत नाही. ती मेल्यामुळे लेखकाचा पेच आपोआप सुटतो! हे वाचताना आजही तोंड कडू होतं.

पण त्याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात, सभ्य माणूस कोण याचा विचार करताना, निवेदक क्वाटरमेन काळ्यांसाठीचा शिवीवजा शब्द लिहितो आणि लगेच म्हणतो, हा शब्द मी खोडतो, मला तो आवडत नाही. सभ्य स्थानिक माणसं मी पाहिलीत आणि असभ्य गोरेही. ट्रान्सवालवर झेंडा चढवणाऱ्यानेच हे लिहिलंय, तेही 1885 मध्ये. "पुस्तक ठेवा, फक्त खटकणारे शब्द गाळा" असा मधला मार्ग काही पालकांनी सुचवलाय. मला तोच सगळ्यात वाईट वाटतो. तो शब्द गाळला की खोडणंही गेलं. मग चिनूच्या हातात उरणार हिरे, हस्तिदंत आणि बंदुका.

डिचिंगहॅमच्या चर्चमध्ये हॅगर्डच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी आहे. तिच्यात पिरॅमिड आहेत, शेजारचं बंगी गाव आहे आणि त्याचं आफ्रिकेतलं शेतघरही. तिच्यावरून इथे कुणी हमरीतुमरीवर आलेलं मी ऐकलं नाही. हा समजूतदारपणा म्हणावा की निव्वळ विसर? मला वाटतं, बराचसा विसरच. ट्रान्सवाल कुठे होतं, हेच इथे फारसं कुणाला माहीत नसतं. त्यापेक्षा आपल्या पालकांचं भांडण बरं. निदान पुस्तक कुणीतरी उघडलंय.

ताईला कळवलं, पुस्तक राहू दे, पण वाचताना चिनूजवळ कुणीतरी बसा.

तिचं उत्तर, "तूच बस."

तेव्हा आता दर शनिवारी, त्यांच्या रात्री नऊला आणि माझ्या दुपारी साडेचारला, व्हिडिओ कॉलवर.