'माल नकली' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

पार्सल उशिरा मिळालं, तुमचं काम खोळंबलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीचे दिवस होते, कुरिअरवाल्याचा फोनही लागत नव्हता.

पण 'यांचं नॉर-बीएनआय नकली, सोबत घेतलेलं यू-५०,४८८ पण बाद' हे तुम्ही लिहिलंत ते फार लागलं. ही दोन्ही लॅबमधल्या प्रयोगांची रसायनं: यू-५०,४८८ पेशीवरचा कप्पा रिसेप्टर (औषध जिथे चिकटून काम करतं ती जागा) चालू करून वेदना कमी करतं, आणि नॉर-बीएनआय तोच रिसेप्टर अडवतं. सोलापुरात या मालाला गिऱ्हाईक किती, तुम्हाला माहीतच आहे. चार कॉलेजांच्या विश्वासावर दुकान चालतं, आणि परवा एका ठिकाणाहून तुमचा रिव्ह्यू दाखवून ऑर्डर थांबवली.

मी स्वतः बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, म्हणून बोलतो. तुम्हीच लिहिलंय की उंदरांना नॉर-बीएनआय टोचून अर्ध्या तासात यू-५०,४८८ दिलं, तरी वेदना कमी झालीच, ब्लॉक दिसला नाही. अहो, हे काय नॅलॉक्सोन (अफूसारख्या औषधांवरचा उतारा) आहे का? नॅलॉक्सोन मिनिटांत लागू पडतं आणि तासा-दोन तासांत उतरतं, शिवाय म्यू, कप्पा, डेल्टा हे तिन्ही ओपिऑइड रिसेप्टर अडवतं. नॉर-बीएनआय सावकाश चढतं. सुरुवातीच्या काही तासांत म्यूवरही त्याचा थोडा परिणाम दिसतो, म्हणून निव्वळ कप्पा अडवायचा असेल तर लोक आदल्या दिवशी डोस देऊन ठेवतात. मिनेसोटा विद्यापीठात पोर्टोगीज या केमिस्टच्या गटाने १९८७ च्या सुमारास हे बनवलं, तेव्हापासून कप्पासाठी जगभर हे वापरतात.

आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही तेच उंदीर कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, घेतले. नुसतं सलाइन, मग यू-५०,४८८, तर उंदरांनी गरम लागताच शेपटी झटकली, म्हणजे वेदना कमी झालीच नाही. त्यावरून तुम्ही दुसरी बाटलीही बाद ठरवलीत. मॅडम, एकदा दिलेलं नॉर-बीएनआय उंदरात काही आठवडे कप्पा अडवून धरतं. मेंदूत ते टिकून राहतं, शिवाय पेशीतला जेएनके हा किनेज (एक प्रकारचा एन्झाइम) चालू होतो म्हणून असं होतं, असं संशोधनात आलंय. म्हणजे पहिल्या आठवड्याचा डोस अजून काम करत होता, म्हणूनच यू-५०,४८८ लागू पडलं नाही. तुमची तक्रार हाच आमचा माल अस्सल असल्याचा पुरावा आहे! कंट्रोलला नवे उंदीर घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता.

दोन्ही बाटल्या कंपनीच्या सीलसकट दिल्या होत्या. बॅच नंबरचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट बिलाला स्टेपल केलेलं आहे, पहिल्या पानामागे बघा. फोनवर तुमच्या गाइडसमोर आमच्या पोराला 'चोर' म्हणालात, तेही बरं नाही झालं. तो गप्प बसला, पण घरी जाऊन जेवला नाही.

यापुढे अशा मालासोबत वापराची माहिती देता येईल तशी देऊ, कुरिअरचंही काहीतरी बघू. उरलेली पावडर घेऊन दुकानात या, नवीन उंदरांवर करून बघा, तरीही शंका राहिली तर पैसे परत करतो. एक स्टार राहू द्या, 'नकली' तेवढं काढा.